मैलांची भिशी

तिकीट काढायला आलेल्या माणसाला शहनाज आपा आधी 'कुठं जायचंय' असं विचारत नसत. "परत कधी?" असं विचारत. माणूस गोंधळायचा. दोन वर्षांच्या करारावर मस्कतला निघालेल्या, कोरा पासपोर्ट हातात धरून उभ्या असलेल्या पोराला परतीची तारीख कुठून माहीत असणार? तो म्हणायचा, आपा, आधी जाऊ तर द्या. आपा पेन खाली ठेवायच्या.

"जाणं कुणालाबी जमतंय. परत यायचं काय ते सांग, मग बघू."

मग तो अंदाजाने एखादा महिना सांगायचा. आपा तो त्याच्या नावापुढे लिहून घ्यायच्या आणि मगच कॉम्प्युटरकडे वळायच्या.

त्यांचं दुकान भवानी पेठेत होतं. रुंदी एवढीच की आत दोन माणसं समोरासमोर आली, तर एकाला रस्त्यावर उतरावं लागायचं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. आपा विजापूरला लेकीकडे राहायला गेल्या, त्याला वर्ष होत आलं.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. असं काही लिहायची सवय घरात कुणालाच नाही, मलाही नाही, त्यामुळे कुठून सुरुवात करावी ते नीट कळत नाही. पण मागच्या महिन्यात वर्गात सरांनी एक धडा शिकवला आणि तेव्हापासून आपा डोक्यातून जात नाहीत. सर सांगत होते, की विमान कंपन्यांची विमानं बरीचशी भाड्याची असतात, इंधनाचा भाव त्यांच्या हातात नसतो. खरी किमतीची वस्तू त्यांच्याकडे एकच, पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रवाशांची यादी. जितका प्रवास तितके गुण. त्यांना मैल म्हणतात. मैल साठले की फुकट तिकीट. बँका हे मैल कंपनीकडून विकत घेतात आणि आपल्या गिऱ्हाईकांना वाटतात. म्हणून काही कंपन्या ही योजना वेगळी काढतात आणि तिचा हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकतात. समजलं का, असं सरांनी विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मला सांगायचं होतं, की सर, अशा एका यादीत माझे वडील होते. हात अर्धा वर गेला आणि खाली आला. तेव्हा बोलले नाही, ते इथे लिहिते.

आपांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. इंग्रजी वर्तमानपत्र त्यांना वाचता येत नसे, पण कोणत्याही विमान कंपनीची नियमावली त्या सरळ वाचत. सगळं इंग्रजी त्यांनी नियमांतूनच उचललं होतं. प्रत्येक कंपनीचे नियम छापून घ्यायचे, डोक्यावरची ओढणी मागे सारायची, दोरीला लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवायचा आणि लाल पेनाने रेघा ओढत बसायचं. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात भलतेच शब्द यायचे. हट्टी माणूस त्यांच्या लेखी 'नॉन-रिफंडेबल' असायचा. दुपारी दुकानात गेलं की म्हणायच्या, "बस. चहा सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी हाय."

दुकानात रांगेने यायचं, हा त्यांचा स्वतःचा नियम. एकदा एका टॉवेल कारखानदाराचा मुलगा आला. तो दर महिन्याला परदेशी जायचा. बाकावर पाच-सहा माणसं बसलेली. त्याने सरळ पुढे येऊन खिशातलं सोनेरी कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, मी गोल्ड मेंबर आहे. आपांनी कार्ड उचललं, उलटसुलट बघितलं आणि परत दिलं. म्हणाल्या, "सोनं सराफाला दावा, शेट. हितं नंबरानं यायचं." तो चिडून गेला. आठ दिवसांनी पुन्हा आला आणि बाकावर बसला. त्याचं काम आपांनी इतकं नीट करून दिलं, की पुढे तो कधी दुसरीकडे गेला नाही.

आता मैलांच्या भिशीचं सांगते.

आखातात काम करणारी माणसं दोन वर्षांनी एकदा येतात-जातात. स्वस्तातल्या तिकिटाला मैल थोडे मिळतात, आणि तीन वर्षांत वापरले नाहीत तर ते रद्द होतात. म्हणजे एका फुकट तिकिटापुरते मैल साठेपर्यंत पहिले मैल गेलेले असायचे. आपा म्हणायच्या, एकट्याचे मैल मरतात. मग त्यांना एका कंपनीच्या नियमावलीत 'कुटुंब खातं' सापडलं. घरातल्या माणसांनी आपापले मैल एकत्र साठवायचे आणि कुटुंबप्रमुखाने ते हवे त्याच्यासाठी वापरायचे. कुटुंब म्हणजे कोण, याच्यापुढे एवढंच लिहिलं होतं, की सदस्य जाहीर करतील ते. आपांनी त्या ओळीखाली दोनदा लाल रेघ मारली आणि जाहीर केलं. आपा कुटुंबप्रमुख, आणि मस्कतला असलेले सात जण सदस्य. त्यांत माझे वडील होते, ते ड्रायव्हर आहेत. शुक्रवार पेठेतले दोघे सख्खे भाऊ होते, अक्कलकोटकडचा एक सुतार होता, हॉटेलच्या लाँड्रीत काम करणारा व्यंकटेश होता. कुणाची घरची भाषा उर्दू, कुणाची तेलुगू, आमची कानडी आणि मराठी.

दरवर्षी जानेवारीत, आमच्या गावच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात, दुकानात चिठ्ठी निघायची. ज्याचं नाव निघेल, त्याच्या घरच्या एका माणसाला त्या वर्षीचं जाण्या-येण्याचं तिकीट. ते माणूस आपा तेव्हाच खात्यात सदस्य म्हणून घालून घ्यायच्या. पहिल्या वर्षी सुताराची बायको गेली. कधी पुण्याच्या पुढे न गेलेली बाई मस्कतचा समुद्र बघून आली. हे कंपनीपासून लपवलेलं नव्हतं. आपांनी सगळ्यांची खरी नावं, खरे पत्ते दिले होते.

दुसऱ्या वर्षी व्यंकटेशची चिठ्ठी निघाली, म्हणजे त्याच्या आईची, नरसम्मांची. त्या विड्या वळायच्या. चार वर्षांत त्यांनी मुलाला बघितलं नव्हतं. मुलाचं हॉटेल दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि त्याच्या रजेची वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. सुट्टी मागितली तर नोकरी जाणार होती. आणि इकडे नरसम्मांना काचबिंदू झालेला. एक डोळा गेला होता, दुसऱ्याचं डॉक्टरांनी काही खरं नाही असं सांगितलं होतं. फोनच्या पडद्यावर त्यांना मुलगा म्हणजे एक हलणारा डाग दिसायचा. त्यांचं एकच म्हणणं होतं, की दिसतंय तोवर एकदा त्याला जवळून बघू दे. मस्कतला शुक्रवार पेठेतल्या त्या भावांच्या खोलीवर उतरायचंही ठरलं. पासपोर्टसाठी अर्ज गेला.

पासपोर्ट यायच्या आधी पत्र आलं.

ते कंपनीने सगळ्या सदस्यांना पाठवलेलं होतं. मथळाच 'आनंदाची बातमी' असा. मैलांच्या योजनेत एका मोठ्या गुंतवणूकदाराने हिस्सा घेतला होता, आणि त्यामुळे आम्हा सर्वांना अधिक चांगली सेवा मिळणार होती. आपांनी दोनदा वाचलं. "आनंद कुणाला झालाय ते लिवलेलं न्हाई," म्हणाल्या.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. जेवढं कळत होतं तेवढं मी त्यांना समजावून सांगितलं, की विमानं त्यांनी विकली नाहीत, आपण पुन्हा पुन्हा येतो, त्याचा हिस्सा विकला. माझं अर्थशास्त्र कच्चं होतं, तरी त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे आपल्या परत येण्याला गिऱ्हाईक मिळालं."

पंधरा दिवसांनी नवे नियम आले. कुटुंब खात्यातल्या प्रत्येकाने कुटुंबप्रमुखाशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असल्याचा पुरावा द्यायचा. नाही दिला तर खातं बंद, आणि मैल ज्याचे त्याला परत. मैल परत म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. प्रत्येकाच्या वाट्याला येणार होते थोडे थोडे, आणि ते आपापल्या जागी मरणार होते.

पहिला उपाय माझ्या वडिलांनीच सुचवला. फोनवर ते आईला म्हणाले, कोर्टाबाहेर कुणीही प्रतिज्ञापत्र करून देतं, आम्हा सगळ्यांना चुलत-मावस भाऊ करून टाका. आईलाही ते पटलं. मलाही पटलं होतं, हे खरं सांगायला हवं. आम्ही दोघी दुकानात गेलो तेव्हा नरसम्मा तिथे आधीच बसल्या होत्या, आणि त्यांनाही व्यंकटेशने तेच सांगितलं होतं.

आपांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या.

नरसम्मा म्हणाल्या, "एक कागद तर करायचा हाय, आपा. कुणाचं काय जातंय त्यात?"

"अक्का, खोटं नातं लिवायचं असतं, तर खरं कशाला केलं असतं मी?"

"तुझं खरं तू ठेव जवळ. माझा डोळा थांबणार हाय का तुझ्या खऱ्यासाठी?"

नरसम्मा उठल्या. भिंतीला हात लावत पायरी उतरल्या. मी धरायला गेले, तर त्यांनी माझा हात झटकला. आपा जागेवरच बसून होत्या. त्या दिवशी दुकानात चहा झाला नाही. बाकावरच्या माणसांना त्या उद्या या म्हणाल्या, पण शटर ओढलं नाही. मला त्यांचा राग आला होता. खरेपणा आपांचा आणि त्याची किंमत मात्र नरसम्मांनी द्यायची, असं मला वाटत होतं. अजूनही कधी कधी वाटतं.

मग कंपनीचा व्हिडिओ कॉल आला, पडताळणीसाठी. आपांनी नरसम्मांना निरोप पाठवला होता. त्या आल्या, पण आपांशी न बोलता स्टुलावर बसल्या. पडद्यावर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल अशी एक अधिकारी मुलगी होती. बोलणं हिंदीत झालं, पण मला ते आपल्याच भाषेत आठवतं. तिने यादी वाचली आणि एकेका नावापुढे नातं विचारलं. आपा प्रत्येक नावाला सांगत गेल्या, रक्ताचं नाही, लग्नाचं नाही. नरसम्मांचं नाव आलं तेव्हाही तेच सांगितलं. मुलगी आवाज खाली करून म्हणाली, मॅडम, तुम्ही असं सांगितलंत तर मला खातं बंद करावं लागेल.

आपांनी चष्मा काढला.

"एक विचारते बेटी. नव्या मालकाला तुम्ही हिस्सा विकला, तेव्हा 'आमचे इतके सदस्य' असं सांगितलं असेल की. त्या मोजणीत हे समदे होते का नव्हते?"

ती म्हणाली, असतील.

"म्हंजे विकताना आम्हाला मोजलं. आता उडताना मोजायचं न्हाई?"

तिच्या हातात काही नव्हतं. प्रश्न वरिष्ठांकडे पाठवते, एवढंच म्हणाली आणि पडदा काळा झाला. नरसम्मा म्हणाल्या, "भांडलीस बरं." त्या दिवशी पायरी उतरताना नरसम्मांनी आपांचा हात धरला.

दुसऱ्या दिवसापासून आपांनी पत्रं सुरू केली. रोज सकाळी दुकान उघडलं, झाडलं, उदबत्ती लावली, की अकराच्या सुमाराला कंपनीला एक ईमेल. रोज तोच मजकूर, एकच प्रश्न: हिस्सा विकताना मस्कतचे सात, सुताराची बायको आणि नरसम्मा, या नऊ जणांना मोजलं होतं का, हो की नाही? मी म्हणायचे, आपा, एखादं वाक्य तरी बदला. त्या म्हणायच्या, उत्तर बदललं की प्रश्न बदलते. उत्तरं यायची ती यंत्राची, आपला संदेश मिळाला म्हणून. आपा तीही छापून ठेवायच्या. आमच्या गल्लीत लोक हसायला लागले. तो कारखानदाराचा मुलगा म्हणाला, आपा, ती हजारो कोटींची माणसं, तुमचं कोण वाचतंय. आपा म्हणाल्या, "वाचायला लागतंय असं न्हाई. रोज उघडायला तर लागतंय."

किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. नरसम्मांचा पासपोर्ट आला आणि कपाटात पडून राहिला. शेवटी एका दुपारी माणसाने लिहिलेलं पत्र आलं. प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. पण विशेष बाब म्हणून, खातं बंद करण्यापूर्वी त्यातल्या मैलांवर एक तिकीट काढायला परवानगी दिली होती. तीस दिवसांत. आणि फक्त कुटुंबप्रमुखासाठी.

कुटुंबप्रमुख म्हणजे आपा. इतक्या लोकांना पाठवलेल्या आपा स्वतः विमानात कधी बसल्या नव्हत्या. उमरा, म्हणजे हजसारखी यात्रा, करायची त्यांची फार इच्छा होती, हे सगळ्या पेठेला माहीत होतं. मस्कतहून पुढे जिद्दाला तीच कंपनी जायची. बातमी पसरली तशी माणसं येऊन मुबारक म्हणू लागली. त्यांच्या बहिणीने तर यात्रेचे कपडे शिवायला टाकले. आणि सगळ्यांत आधी 'जा' म्हणाल्या त्या नरसम्माच. "तुझ्या नशिबाचं हाय, घे. वाया कशाला घालवायचं," म्हणाल्या. चेहरा दुसरीकडे होता.

आपा हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. नियमावलीचा गठ्ठा पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या. सकाळी मी कॉलेजला निघाले होते, तर त्यांनी मला रस्त्यातच हाक मारली. जुन्या नियमांतलं, नव्यांतही न बदललेलं एक पान समोर धरलं. सर्व सदस्यांची लेखी संमती असेल, तर कुटुंबप्रमुख एकदा बदलता येतो.

"पत्रात माझं नाव कुटं हाय?" आपा म्हणाल्या. "कुटुंबप्रमुख लिवलंय."

मी विचारलं, आणि उमरा? त्यांनी पान घडी करून पिशवीत घातलं. "ते माझं आणि अल्लाचं हाय. त्यात ह्या कंपनीचं काय काम न्हाई."

मस्कतहून सात संमतिपत्रं आली, उरलेली दोन सुताराच्या बायकोने आणि नरसम्मांनी दुकानात येऊन दिली. माझ्या वडिलांच्या पत्राने आमच्या घरात फार हसू झालं. घरात आपल्याशिवाय कुणाचं चालू न देणाऱ्या माझ्या वडिलांनी सही करून लिहिलं होतं, की श्रीमती नरसम्मा यांना मी माझ्या कुटुंबाचे प्रमुख मानतो. आईने ते पत्र फोनमध्ये ठेवून घेतलं आहे आणि भांडण झालं की दाखवते.

कंपनीतून फोन आला, तीच मुलगी. म्हणाली, मॅडम, ही सवलत तुमच्यासाठी होती. आपा म्हणाल्या, मग माझं नाव घालायचं होतं. मग तिने सांगितलं, की संध्याकाळी सहाला खातं कायमचं बंद होणार आहे, प्रमुख बदलल्याची नोंद ती आत्ता करते, तिकीट सहाच्या आत काढा. पावणेपाचला तिकीट निघालं. सहाला खातं बंद झालं. बाकीच्यांचे मैल सगळीकडे विखुरले. भिशी तिथेच संपली. माझ्या आईचा नंबर लागलाच नाही.

दोन आठवड्यांनी त्याच योजनेचा एक प्रतिनिधी दुकानात आला. तुम्ही इतके सदस्य केलेत, तर आता रीतसर प्रतिनिधी व्हा, टेबलावर आमची पाटी ठेवा, असं म्हणाला. आपांनी त्याला बाकावर बसवलं. त्याच्या पुढचे चौघे झाले, त्याचा नंबर आला, तेव्हा म्हणाल्या, माणसं विकायला मला जमत न्हाई, चहा घेऊन जा.

विमान हैदराबादहून होतं. नरसम्मांना घेऊन आपा आणि मी सकाळच्या गाडीने गेलो. विमानतळावर नरसम्मांसाठी चाकाची खुर्ची मागवली होती. ती देणाऱ्या माणसाने एक कागद पुढे केला. सोडायला आलेल्या नातेवाइकाने नाव, नातं लिहून सही करायची होती. आपांनी पेन घेतलं, नाव लिहिलं, आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं: माझ्या कुटुंबाच्या प्रमुख. त्या माणसाने वाचलं. ओढणी घेतलेल्या आपांकडे बघितलं, मोठं कुंकू लावलेल्या नरसम्मांकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

दारातून आत जाताना नरसम्मा मागे वळल्या, पण भलत्याच दिशेला. आम्ही कुठे उभ्या आहोत ते त्यांना दिसत नव्हतं. त्या तिकडेच बघून हात हलवत राहिल्या. तशा आपा गर्दी बाजूला सारत, ढकलाढकली करत काचेच्या कडेने पळत गेल्या आणि नरसम्मांचा हात ज्या दिशेला हलत होता, बरोबर तिथे जाऊन उभ्या राहिल्या. पहारेकरी म्हणाला, इथे थांबायचं नाही. आपांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं, मग तिसऱ्यांदा दंडाला हात लावून सांगितलं.

आपा काचेला तळहात टेकवून तिथेच उभ्या होत्या.